मागची सीट

खराडीच्या सिग्नलला तापलेल्या इंजिनाचा वास आला की ती टेस्ट राइड आठवते. रोज ऑफिसला जायला मला साडेसहाशे सीसीची स्पोर्ट बाइकच हवी होती, आणि गाडी घेण्याआधी मागे बसून बघायचंच, हा बाबांचा नियम. त्या उंच, वीतभर सीटवर ते मांडीवर पिशवी घेऊन बसले, गुडघे माझ्या बरगड्यांना टेकलेले. नगर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो. इंजिनाचा पंखा घोंघावायला लागला, मांड्या भाजायला लागल्या, क्लच दाबून दाबून हात भरून आला, तरी मी म्हणत होतो, "पिकअप बघा ना, बाबा." "बघितला. मी चालत जातो," म्हणाले आणि खरंच उतरले. मी शोरूमला पोहोचलो तेव्हा त्यांचा चहा पिऊन झाला होता. "घे तुला हवी ती," एवढंच बोलले. मी तीच घेतली. ते पुन्हा कधी मागे बसले नाहीत. आता त्यांचे गुडघे दुखतात, तरी कुठे जायचं असलं की स्वतःच रिक्षा बोलावतात. सिग्नल सुटेपर्यंत मी उगाचच इंजिन रेस करत राहतो, आणि नजर फूटपाथवरून चालणाऱ्यांकडे जाते.