फीडवरची नवी पुस्तकं
आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मटार सोलले. वाचनालयात नवी पुस्तकं आली की त्यांच्या फीडवरून बायकोच्या फोनवर आपोआप बातमी यायची. ती मला मोठ्यांदा वाचून दाखवायची.

त्या दिवशी मटार सोलताना फोन वाजला. "आज तुम्ही वाचा," म्हणाली.

जोडाक्षराला अडखळलो तशी हसली. "अहो, शाळेत म्हशी राखत होता काय?"

त्याच रात्री ती गेली.

बातमी धाडणाऱ्याला वाचणारं माणूस उरलंय का, याचं काही देणंघेणं नसतं. सकाळी तिला जमिनीवर ठेवलेलं, आणि फोन वाजला.

"दाजी, बंद करा तो," मेहुणी म्हणाली.

मी बायकोच्या उशाशी बसून सगळी नावं मोठ्यांदा वाचली. एक जोडाक्षर मुद्दाम चुकवलं आणि थांबून राहिलो.