रानडुकराचं वळण

रानडुक्कर सरळ आमच्यावर आलं आणि माझे पाय हलेनात. मी सात वर्षांची, काकूसोबत मोहफुलं वेचायला गेलेली. काकू मला ओढत मोहाच्या झाडाभोवतीच फिरू लागली.

"काकू, घराकडे पळ ना!"

"सरळ पळलो तर फाडते तो. वेगात आलेल्याले झटकन वळता येत नाई. झाडाले चिकटून फिर, बैताड!"

खरंच, वळताना डुक्कर दरवेळी लांब घसरत जायचं. तेवढ्यात आम्ही बुंध्याआड. शेवटी ते कंटाळून झुडपात गेलं.

आज अंगणात वाळणाऱ्या मोहाच्या वासानं हे आठवलं. काकूनं शाळा पाहिली नव्हती. झाडाभोवती फिरवत होती तेव्हा मला ती वेडी वाटली. तिच्याइतकी हुशार बाई मी पुढे पाहिली नाही. त्या झाडाखालून आम्ही दोघी जिवंत आलो, काकू आणि मी.