धावत्या आबांचा फोटो

कॉलेजच्या फोटो क्लबात राहायचं तर धावत्या माणसाचा एक स्पष्ट फोटो उद्या द्यायचा आहे. बटण अर्धं दाबून धरायचं आणि माणसाबरोबर कॅमेरा फिरवत राहायचं, म्हणजे फोकस त्याला सोडत नाही, एवढं मी शिकलो होतो. घरी आयतीच संधी मिळाली. शेळी दावं तोडून पळाली आणि आबा, म्हणजे माझे वडील, तिच्यामागे धावले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तो दिसताच आबा जागीच थांबले, टोपी सारखी केली आणि हात सरळ सोडून उभे राहिले.

"आबा, पळा ना!"

"फोटोत कुणी पळतं व्हय रं? काढ लवकर, शेळी शेजारच्या काकूंच्या कोथिंबिरीत शिरली."

आमच्याकडे फोटो म्हणजे श्वास रोखून उभं राहणं. जन्मभर धावलेली माणसं तेवढ्यापुरती थांबतात. म्हणूनच बहुधा आमचे भिंतीवरचे पूर्वज इतके निवांत दिसतात. मी बटण दाबलं.

"झाला?" म्हणत आबा पुन्हा धावले. कॅमेरा सांभाळत मीही धावलो.

उद्या हाच फोटो देईन म्हणतो. आबा लख्ख आले आहेत. धावण्याचं विचारलं, तर मागची पुसट शेळी दाखवीन.