चार बोटं खालचा बाक

तुमच्या आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोत दोघांपैकी कोण बसलंय, कोण उभं आहे आणि का, हे तुम्ही घरात कधी विचारलंत?

मीही नव्हतं विचारलं. आमच्या अवसरीच्या घरात तो फोटो देव्हाऱ्याच्या वर टांगलेला होता. आई खुर्चीत बसलेली आणि माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. मला त्या फोटोचा अभिमान होता. बायकोला खुर्ची देऊन आपण उभं राहणारा दुसरा बाप्या अख्ख्या गावात नसेल, असं मला वाटायचं.

तसं वाटायला कारण होतं. दादांचा मंचरला फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, अंगात येणाऱ्या देवांविरुद्ध. स्वतः मजकूर लिहायचे, पदरमोड करून छापायचे आणि बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांच्या ओळीतून वाटत हिंडायचे. लोक त्यात भजी गुंडाळायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे गिरवले आणि छापील बाजू वाचून वाचून पाठ केली. ताठ मानेनं जगा, हे मला शाळेतल्या प्रार्थनेच्या आधी येत होतं.

उंचीही तशीच मिळाली. दहावीला असतानाच दादांच्या टकलावरून पलीकडचं दिसायला लागलं. ही उंची माझ्यात कुठून आली, हे कोणाला सांगता येत नव्हतं. आई पोक काढून चालायची. तिच्या पाठीत पहिल्यापासून दोष आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

दोन हजार साल उलटून गेल्यावर मला डिंगोरे गावचं स्थळ आलं. मुलगा चाकणला कंपनीत, घरची बागायत, स्वभावानं गरीब. माझ्यापेक्षा चार बोटं बुटका. बघायला आले तेव्हा मी पोह्यांची ताटली घेऊन उभी राहिले तशी त्याच्या चुलत्यानं मान मागं टाकून माझ्याकडे पाहिलं.

"काय राव, माळ्यावरचं काढाया शिडी नको आता आपल्याला," तो म्हणाला आणि स्वतःच लई हसला.

मुलगा हसला नाही. तेवढ्यावर मी भाळले, हे सांगायला हवं. माझं लग्न त्या एका न हसण्यावर ठरलं.

पुढं डिंगोऱ्याला त्यांच्या घरी देण्याघेण्याची बोलणी निघाली. दादांनी छाती काढून सांगितलं, हुंडा देणार नाही. चुलता म्हणाला, "आमाला तरी कुठं पायजे? तुमी सुधारक मानूस. पन जोडी शोभाया पायजे, पावणं. मांडवाच्या दारात दोघांचा ह्यो एवढा मोठा फोटू लावणार हाय आमी. त्यात आमचा पोरगा खुजा दिसला तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं?"

"फोटोचं माझ्यावर सोडा," दादा म्हणाले.

सोयरीक त्या फोटोवर अडलेली होती, हे न समजायला मी काही लहान नव्हते. पण दादा घरी आले ते गड जिंकल्यासारखे. हुंडा नाही म्हणजे नाही! आणि चार बोटांचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "अगं, तो तांत्रिक भाग आहे."

तांत्रिक भागाचा इतिहास असा, की आमच्या भागातल्या प्रत्येक स्टुडिओत पडद्यामागे दोन विटा असायच्या. नवरा बुटका असला की त्याला विटांवर चढवायचं आणि फोटो कमरेपर्यंत काढायचा. पुढे लोकांना पायांसकट फोटो हवा झाला आणि विटा दिसायला लागल्या. मग दोघांना बसवून काढायचा, तर बाई बसल्यावरही उंचच. दादांच्या डोक्यात बरेच दिवस एक बाक घोळत होता. माझ्या लग्नानं त्याला मुहूर्त मिळाला.

बाक बनवायला दादांनी आणे गावचा एक मिस्त्री धरला. स्वतःच्या कामावर इतका खूश असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या बांधावरची बाभूळ त्याला दिली. दादांनी समजावलं, बाकाला मागं कोरीव पाठ, बाजूला हात, खाली झालर. बसायची फळी मात्र दोन तुकड्यांत. नवरीची बाजू, म्हणजे डावी, चार बोटं खाली. वरून एकच मखमली गादी. खोल बाजूला मऊ कापूस भरायचा, म्हणजे बघणाऱ्याला बाक सपाट दिसेल आणि बाई बसली की आपोआप खाली जाईल.

"आपोआप," दादा दोनदा म्हणाले. बाईला वाक म्हणायचीसुद्धा गरज नाही, यात त्यांना सुधारणा दिसत होती.

फोटोच्या दिवशी सकाळीच मिस्त्री टेम्पोतून बाक घेऊन स्टुडिओत आला आणि शाबासकीसाठी तिथंच थांबला. बाक देखणा होता, खोटं कशाला बोलू. हातांवर मोर कोरलेले. डिंगोऱ्याची मंडळी जीपमधून उतरली. मला डावीकडं बसवलं, मुलाला उजवीकडं. मी खाली जायची वाट पाहत होते. माझ्याखाली फळी ठणठणीत होती.

मुलगा मात्र गेला. बसल्याबरोबर असा सावकाश खाली गेला, की त्याचं डोकं माझ्या खांद्याला आलं.

दादांनी कॅमेऱ्यातून पाहिलं, मान वर काढली, परत पाहिलं.

"आमचं पोरगं खड्ड्यात पडलं का काय?" चुलता ओरडला.

"मिस्त्री, डावी बाजू सांगितली होती ना?" दादा म्हणाले.

मिस्त्री बाकासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं आपला डावा हात लांब केला. "ही काय डावी!"

"बसणाऱ्याची डावी!"

"बसणाऱ्याची आसं कुठं म्हणला तुमी? मी काय बाकाच्या पोटातनं बघतो का?"

बाक उलटा फिरवावा तर त्याला पाठ. आम्ही जागा बदलावी, असं माझी आत्या म्हणाली, तर मुलाची आई उसळली. नवरी उजवीकडं? शोभतं का?

"पूजेला बसतीच की उजवीकडं," आत्या म्हणाली.

"पूजा येगळी, फोटू येगळा!"

तासभर तिथं दोन घराणी भांडली. बायकोनं डावीकडं बसायचं हेही खरं आणि तिनं बुटकं दिसायचं हेही खरं. यातलं कुठलं आधी सोडायचं, एवढाच वाद. ती मुळात उंच आहे, ही साधी गोष्ट त्या खोलीत कोणाच्या तोंडून निघेना.

मग दादा मागच्या खोलीत गेले आणि पत्रकांचा एक गठ्ठा घेऊन आले. मुलाला म्हणाले, "जरा उठा." गादी उचलून गठ्ठा खड्ड्यात सारला. मुलगा बसला, जरासा वर आला. "अजून लागेल," चुलता म्हणाला. दादांनी दुसरा गठ्ठा आणला. सगळ्यात वरच्या पत्रकावरचं शीर्षक मला वाचता येत होतं. हुंड्याविरुद्धचंच होतं. नवरदेव त्यावर बसला आणि गादी घसरू नये म्हणून त्यानं मोराची मान धरली.

"हलू नका," दादा म्हणाले.

त्यांचा चेहरा कॅमेऱ्यामागं होता, तेच बरं. मी मुलाकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. एवढं एकच मला कळायला हवं होतं. तो न हसणारा मुलगा काय म्हणतो.

तो मोराकडे बघत म्हणाला, "काका म्हंतील तसं."

मी उठले. फोटो काढायचा तर दोघांनी जमिनीवर उभं राहून, नाहीतर नको, असं मी सांगितलं. चुलत्यानं टोपी सारखी केली. "मग जमत न्हाई, पावणं." जीप गेली. जाताना मुलानं मागं पाहिलं का, मला माहीत नाही. मी पाहिलं नाही.

दादा माझ्यावर चिडले. एवढ्याशा गोष्टीसाठी, म्हणाले. तेव्हा दाराशी बसलेली आई उठली. "एवढ्याशा गोष्टीपायी मी आख्खा जलम वाकून काढला," ती म्हणाली. "हिला तरी बसवू नका." आणि तिनं पाठ सरळ केली. पाठीत काही दोष नव्हता. ती दादांपेक्षा वीतभर उंच होती. देव्हाऱ्यावरच्या फोटोतली ती खुर्ची मला त्या क्षणी कळली.

"आता आपला फोटू काढा," आई म्हणाली. दादा नाही म्हणाले, आई हलेना. शेवटी कॅमेरा आपोआप चालेल असा लावून ते तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. फोटोत आई सरळ समोर पाहते आहे आणि दादा जमिनीकडे, विटा शोधत असल्यासारखे.

तो फोटो दादांनी स्टुडिओच्या काचेत कधी लावला नाही. बाक मात्र मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतला आणि घोडेगावापासून ओतूरपर्यंतच्या जोड्या त्यावर बसवल्या. त्यातल्या कित्येक बायकांना आपण खाली का गेलो, हे अजून माहीत नसेल. पत्रकंही छापत राहिले. शब्द सारे बरोबर होते, आजही आहेत. आता स्टुडिओत संगणक आहे, तो नवऱ्याचे पाय लांब करून देतो. बाकाची गरज उरली नाही, एवढीच काय ती प्रगती.

पत्रकांवर वाढलेय, तेव्हा शेवटी काही मागितल्याशिवाय मला थांबता येत नाही. तुमच्या घरात तसला फोटो असेल तर आज तो खाली उतरवा. आईवडिलांना अंगणात, अनवाणी, सपाट जमिनीवर शेजारी शेजारी उभं करा. आईला म्हणा, पाठ सरळ कर. ती लाजेल, नको म्हणेल, थांबा. ती सरळ झाली की फोटो काढा आणि जुन्या खिळ्यावर तो टांगा.