रुख्माच्या घरचं मेण

सालेकशाच्या जंगलातून आणलेली मधमाश्यांची पोळी पिळून मध काढला की उरलेला चोथा पाण्यात तापवून सुशिलाबाई मेण काढायच्या. गावात हे काम त्या आणि रुख्मा, दोघीच करत. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या आणि तेव्हापासूनच्या मैत्रिणी. मेणाच्या वड्या गोंदियाचे इंदरलाल शेठ मलम बनवायला घेत. वडी कोणाच्याही घरची असो, व्यवहार सुशिलाबाईंच्या नावाचा.

यंदाच्या उन्हाळ्यात शेठचा फोन आला. मलम पातळ होऊन डब्यांतून बाहेर येऊन राहिलं होतं. माल में मिलावट है, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. सुशिलाबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. रुख्मा येऊन त्यांचा हात धरून बसली. शेठचंच काही चुकलं असेल, तू कायले मनाला लावून घेते, असं म्हणाली.

सुशिलाबाईंची भाची योगेश्वरी हायस्कुलात विज्ञान शिकवते. सुट्टीत आली तेव्हा हे ऐकून तिने दोघींच्या घरच्या वड्यांचे तुकडे दोन वाट्यांत घेतले आणि वाट्या पाण्याच्या गंजात ठेवून गंज चुलीवर चढवला. रुख्माच्या घरचं मेण आधी वितळलं. सुशिलाबाईंचं मेण पाणी आणखी तापल्यावर सुटलं. पाण्याला तर अजून उकळीही नव्हती.

"आच एकच, मग असं काऊन?" सुशिलाबाईंनी विचारलं.

योगेश्वरीने समजावलं. प्रत्येक पदार्थाचे कण एकमेकांना धरून असतात. उष्णतेने ते हलू लागतात. पकड सैल झाली की पदार्थ वितळतो, पार सुटली की उकळून वाफ होते. कोणाची पकड घट्ट, कोणाची ढिली, म्हणून प्रत्येकाला लागणारी उष्णता वेगळी. मधमाशीच्या मेणाचे कण लांबलचक, ते शेजारच्या कणांना जास्त ठिकाणी धरतात. मेणबत्तीच्या मेणाचे त्यामानाने आखूड, ते लवकर सुटतात.

"मावशी, या वाटीत मेणबत्ती मिसळली आहे," ती म्हणाली.

सुशिलाबाई तशाच रुख्माकडे गेल्या. रुख्मा अंगणात तांदूळ पाखडत होती. विचारल्यावर तिने नाकारलं नाही.

"पोळी भेटूनच नाही राहिली यंदा. वड्या तर द्यायच्या होत्या."

"मले सांगाचं होतं."

"तू नाहीच म्हटली असती."

सुशिलाबाई म्हणाल्या, "शेठ मले चोर समजून राहिला, आन् तू माझा हात धरून बसली होती. तवा तरी सांगाचं."

रुख्मा खाली बघून तांदूळ पाखडत राहिली.

सुशिलाबाईंनी शेठला फोन करून मेणात मेणबत्ती होती हे कबूल केलं. कोणी टाकली ते सांगितलं नाही. रुख्मा स्वतःहून बोलेल, अशी त्यांना आशा होती. ती बोलली नाही. शेठने मेण घेणं बंद केलं आणि गावात सुशिलाबाईंच्याच नावाची चर्चा झाली. आता त्या थोडं मेण काढतात आणि आमगावच्या एका मोच्याला शिवायच्या दोऱ्याला लावायला देतात.

परवा रुख्मा एक मोठं पोळं त्यांच्या ओट्यावर ठेवून, हाक न मारता निघून गेली. सुशिलाबाईंनी ते दारातून पाहिलं, पण उचललं नाही. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.