गैरहजर पालक

शाळेचा मेसेज आला तेव्हा मोबाइल लेकीच्या हातात होता. 'मा. श्री.' आणि पुढे तिच्या वडिलांचं पूर्ण नाव. 'आपण एकाही पालकसभेला आला नाहीत. मुलीच्या भवितव्याची आपल्याला काळजी नाही का?' तिचे वडील वारले तेव्हा ती चौथीत होती, आता नववीत आहे. ती मोबाइल पालथा ठेवून आत गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण प्रत्येक सभेला मी गेले होते. घनसावंगीच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकायची, जीपमध्ये दाटीवाटीने बसून कुंभार पिंपळगावला परतायचं आणि थेट शाळेत.

दुसऱ्या दिवशी जाऊन जाब विचारला. संगणकाचे सर म्हणाले, "मॅडम, हे कुणी हातानं लिहीत न्हाई. एक्सेलमधी फॉर्म्युला आहे. नाव एका रकान्यातून येतं, सही दुसऱ्यातून. सही नसली की हे वाक्य आपोआप जोडलं जातं."

फॉर्म्युला मला कुणी शिकवायला नको. ऑफिसात मीही तेच करते. पण ते काळजीचं वाक्य आपोआप उगवलं नव्हतं, कुणीतरी बसून लिहिलं होतं! सभेच्या यादीत छापलेली नावं सगळी बापांची. बायका येतात, नवऱ्याच्या नावापुढे सही करून मोकळ्या होतात. गेलेल्या माणसाच्या नावापुढे सही करायला माझा हात धजला नाही. मी दर वेळी तळाशी स्वतःचं नाव लिहून सही केली. ती तळाची ओळ एक्सेलमध्ये कुणी घेतलीच नाही.

"पुढच्या खेपेला साहेबांच्या नावापुढंच करा, म्हणजे मेसेज बराबर येईल," सर हसत म्हणाले.

"साहेबांना आता तुम्हीच बोलवा," मी म्हणाले. "मी बोलावून थकले."

सरांचं हसू मावळलं. मी तिथेच उभी राहिले, तेव्हा कुठे त्यांनी शीटमध्ये नियम घातला: वडील हयात नसल्यास आईचं नाव.

पुढच्या सभेनंतर मेसेज आला. 'मा. श्रीमती', पुढे माझं नाव, उपस्थितीबद्दल आभार. लेकीने तो दोनदा वाचला.

मी शेजारणीला दाखवला. तिचा नवरा धडधाकट, पण शाळेची पायरी कधी चढलेला नाही. सभेला तीच येते, माझ्याच बाकावर बसते. आभार मात्र दर वेळी त्याच्या नावाने. नवा नियम काय आहे ते मी तिला सांगितलं. तिने मोबाइल परत दिला आणि म्हणाली, "बाई, मंग माझं नाव यायला ह्यांनी बी मरावं का काय?"