स्कॅनवरचं कुंकू

माझी शाळा चौथीपर्यंतच. पुढचं वाचन शिकले ते वाडीत सुपाऱ्या सोलता सोलता, वाण्याच्या पुडीच्या कागदांवरून. म्हणून सांगते, वाचनावाचून मला करमत नाही.

गेल्या काही वर्षांत डावा डोळा नाकाकडे वळायला लागला. एका नारळाचे दोन दिसायचे. सून हट्टाला पेटली, "आई, ऑपरेशन करून घ्याच." घेतलं. डोळ्याचा स्नायू मागे सरकवून शिवला म्हणे. डोळा सरळ झाला हो, पण ओळींवर धुकं आलं! तो डोळा मिटून वाचलं की दहा मिनिटांत डोकं ठणकतं. सरळ डोळा काय आरशात बघायला घेतला मी?

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन काढला. हिरव्या फुलीकडे टक लावून बसायचं, पापणी हलवायची नाही. मग रंगीत चित्र आलं. थर जाड तिथे लाल.

"मधोमध लाल आहे, म्हणजे सूज. ऑपरेशननं आली असेल तर थेंबांनी उतरेल. आधीचीच असेल तर उपचार वेगळा. ऑपरेशनआधीचा स्कॅन आणलाय ना?"

आणला होता. पण आमच्याकडे कुठलाही नवा कागद आधी देवापुढे जातो. लग्नपत्रिका असो, गाडीचे कागद असोत, नातवाचं प्रगतिपुस्तक असो. मी ऑपरेशन नीट होऊ दे म्हणून तेलात कुंकू कालवून बोट टेकवलं होतं, आणि तेही बरोब्बर चित्राच्या मधोमध. तेल पसरून शेजारचे आकडेही गेले.

बाईंनी कागद खिडकीशी धरला. "आजी, यातलं लाल तुमच्या डोळ्याचं किती आणि देवाचं किती?"

सून खुदकन हसली. मला असा राग आला! जिथे तो पहिला स्कॅन काढला, तिथे तिनं फोन लावला, तर म्हणे मशीन बदललं, जुनं काही निघत नाही. कागद एकच देता आणि वर जपून ठेवत नाही, ही काय पद्धत?

मग सुनेवर घसरले. "ताटातल्या सोलकढीचा फोटो काढतेस, या कागदाचा काढायला काय झालं होतं?"

"आई, तो देव्हाऱ्यात होता. आंघोळीशिवाय हात लावू नको म्हणालात. आंघोळ करून आले तर म्हणालात, आता पूजा चाललीये."



आता महिनाभर थेंब घालायचे. मग पुन्हा स्कॅन, आणि तेव्हाच कळणार सूज कसली ते. आजच्या नव्या कागदाचा फोटो सुनेनं दवाखान्यातच काढला. घरी आल्यावर सवयीनं माझा हात करंड्याकडे गेला, तर मागून "आई!" कागद कपाटात टाकला, देवाला नुसते हात जोडले.

पेपरांचा गठ्ठा वाढतोय. वाचून दाखव म्हटलं तर सून नुसते मथळे वाचते आणि म्हणते, "झालं, बाकी रोजचंच आहे."